मारणाऱ्याला बाहेर काढायचं असतं

बाबा, मागच्या महिन्यात दादाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईला झापत होते. तुम्हाला ठाऊक नाही, पण राजापेठेत माझं माशांचं दुकान आहे. तुम्ही गेलात त्यानंतर काही वर्षांनी टाकलं. काचेच्या टाक्या, पंप, खाद्य, रंगीत मासे, सगळं ठेवते. ती बाई सांगत होती की तिच्या घरच्या टाकीत एक मासा दुसऱ्याच्या हात धुऊन मागे लागलाय, त्याची शेपटी कुरतडून टाकली, त्याला खाऊ देत नाही, कोपऱ्यातून हलू देत नाही. मी विचारलं, मग तुम्ही काय केलं? "जो मार खाऊन राहिला होता न, त्याले काढलं आन् बरणीत ठेवलं," ती म्हणाली, आणि आता मी शाबासकी देईन अशा तोंडानं माझ्याकडे पाहू लागली. माझा आवाज चढला. "काहून? त्यानं कोणाचं काय बिघडवलं होतं? बरणीत तोच काहून?" बाई दोन पावलं मागे सरकली. बिचारी माशांचं खाद्य घ्यायला आली होती. तेवढ्यात फोन वाजला आणि दादा म्हणाला, "लहानीले तुझ्याकडे पाठवून राहिलो. वर्षभरासाठी."

लिहायला बसलं की मला शाळेतली मराठी येते आणि राग आला की अकोल्याची. या कागदावर दोन्ही येतील, चालवून घ्या. दुपारचे दोन वाजलेत, शटर अर्धं खाली ओढलंय, चार वाजेपर्यंत या उन्हात कोणी फिरकत नाही. तर दादाला दोन मुली आहेत. मोठी बारावीत आणि लहानी सातवीत. मोठीच्या जन्माआधीच तुम्ही गेलात, म्हणजे दोघींपैकी एकीलाही तुम्ही पाहिलेलं नाही. मोठीला डॉक्टर व्हायचंय, नीटची परीक्षा द्यायचीय, म्हणून गेलं वर्षभर अकोल्याचं सगळं घर तिच्यासाठी चवड्यांवर चालतं. टीव्ही बंद, पाहुणे बंद, कुकरची शिट्टीसुद्धा ती क्लासला गेल्यावर. लहानी मात्र बडबडी आहे, गुणगुणते, पळते, दार आपटते. आणि मोठी तिला मारते. चापट, चिमटा असं नाही. मारते.

"मोठीचं नीटचं वर्ष आहे," दादा फोनवर सांगत होता. "घरात शांतता पाहिजे. लहानी लय कटकट करते, मंग मोठीचा हात उठते. तुझ्याकडं राहिली तं दोघींचंही भलं. आन् तुले लेकरू नाई, तुलेही बरं वाटीन." हे शेवटचं वाक्य तो अगदी मायेनं बोलला, म्हणून मला ते जास्त झोंबलं. मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगते, आणि फोन ठेवला. मार खाते म्हणून एक सातवीतली पोरगी आपल्या घरातून उचलली जाणार होती, आणि ती उचलायची की नाही हे माझ्या एका शब्दावर होतं. तुमच्या वेळी तो शब्द तुमच्याकडे होता. तेव्हा सातवीत मी होते.

तुम्हाला आपलं अकोल्याचं क्वार्टर आठवत असेल, तुमच्या माणसांपेक्षा तुमचे मासे तर नक्कीच आठवत असतील. लोखंडी अँगलच्या स्टँडवर ठेवलेली, पुट्टीनं काचा बसवलेली ती टाकी हॉलच्या बरोबर मधे. नळ येईल तेव्हा येईल अशी अकोल्याची तऱ्हा, आणि आलेल्या पाण्यातलं पहिलं पिंप तुमच्या माशांचं. ते दोन दिवस उघडं ठेवून त्यातलं औषध उडवायचं, मग मगानं हळूहळू टाकीत सोडायचं. ते पिंप भरायची मी. आई त्याच दोन दिवसांत उरलेल्या पाण्यावर धुणं, भांडी आणि चार माणसांच्या आंघोळी ओढायची. मे महिन्यात कूलरचं तोंड तुम्ही टाकीकडे फिरवायचात आणि आम्ही आतल्या खोलीत ओल्या चादरी पांघरून पडायचो. बर्फाच्या कारखान्यातून बर्फ आणायचात, पिशवीत बांधून टाकीत तरंगत ठेवायचा, पाणी तापलं की माशांचा जीव घाबरतो म्हणून. मी एकदा त्यातला एक तुकडा चोखायला मागितला. "माशांसाठी आहे तो," तुम्ही म्हणालात. मागितला कोणी हे पाहायला तुम्ही मानसुद्धा वळवली नव्हती.

त्या टाकीत एक निळा गुरामी होता. हाताच्या पंजाएवढा, अंगावर दोन काळे ठिपके, छातीखाली दोन लांब मिशा. त्याला तुम्ही 'साहेब' म्हणायचात. ऑफिसातल्या साहेबानं सगळ्यांदेखत पाणउतारा केला की तुम्ही घरी येऊन त्या साहेबासमोर स्टूल टाकून बसायचात. आणि हाही साहेबच निघाला. टाकीचा डावा भाग त्यानं आपला ठरवला, तिथला मोठा दगड त्याचा, त्या दगडाआडून तो निघाला की बाकीचे मासे पळत सुटायचे. दोन एंजल होते, पांढरेशुभ्र, लांब पर असलेले. त्यातल्या लहान एंजलच्या तो असा मागे लागला की त्याचे पर फाटून दोरे लोंबायला लागले. तो एंजल पंपाच्या नळीमागे तिरपा होऊन राहायचा. खायला टाकलं तरी बाहेर येत नव्हता. रंग उतरून राखेसारखा झाला होता. मी शाळेतून आले की आधी तो जिवंत आहे का ते पाहायची. मला तो का आवडायचा हे तुम्ही कधी विचारलं नाही, बरं झालं, माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हतं.

एका रविवारी तुम्ही मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून माशांच्या दुकानात नेलं. दुकान चाचांचं होतं, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. तुम्ही म्हणालात, एंजलला काढून बरणीत ठेवू म्हणतो, बरणी द्या. चाचांनी बरणी दिलीच नाही. म्हणाले, "साब, मारने वाले को निकालो. मार खाने वाले को काय को निकालते? वो तो वैसेच मरा पड़ा है." मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. साहेबाला आठ दिवस बादलीत ठेवा, तो वरची हवा घेऊन जगतो, त्याला काही होत नाही. तो बाहेर असताना टाकीतले दगड, झाडं, सगळं हलवा. एकही वस्तू जुन्या जागी राहू देऊ नका. मग दिवा बंद करून त्याला परत सोडा. त्याला वाटेल आपण परक्या गावात आलो. माज उतरतो.

आणि तुम्ही ते केलं, बाबा. अक्षर न् अक्षर केलं. साहेब मोरीजवळच्या बादलीत, वर जुनी चाळणी झाकण म्हणून. पुढचा अख्खा रविवार तुम्ही बनियनवर, कोपरापर्यंत हात टाकीत घालून दगड लावत बसलात. मला जवळ बोलावलंत, त्या दिवशी तुमचा मूड फार चांगला होता. म्हणालात, "पाह्य, जागा आपली वाटली का माजते तो. जागा बदलली का नरम पडते. आन् एक ध्यानात ठेव, मार खाणाऱ्याले काढलं न, तं मारणारा दुसरा शोधते." साहेब परत टाकीत गेला तेव्हा दोन दिवस पर मिटून कोपऱ्यात पडून राहिला. तिसऱ्या दिवशी तो लहान एंजल नळीमागून बाहेर आला आणि खाद्य टिपायला लागला. तुम्ही टाळी वाजवलीत. आईला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलंत. मीही हसले होते, ते मला नीट आठवतं.

दादाचं ते दहावीचं वर्ष होतं. जो तो त्याच्यासाठी बदाम भिजवत होता. साहेब परत टाकीत गेला त्याला महिनाही झाला नव्हता. मी पाढे मोठ्यानं म्हणत होते, त्याला त्रास झाला, तो आतून आला आणि त्यानं मला मागून ढकललं. मी तोंडावर पडले ती सरळ टाकीच्या लोखंडी स्टँडवर. समोरचा अर्धा दात फरशीवर पडला. ओठ फाटला, फ्रॉक रक्तानं भिजला. तुम्ही आतल्या खोलीतून धावत आलात. मी हात पुढे केला. आणि तुम्ही माझ्यावरून वाकून टाकीच्या काचेवर हात फिरवलात. "तडकली तं नाई न?" काच तडकली नाही अशी खात्री झाली, मग माझ्याकडे पाहिलं. "तू काहून त्याच्या वाटेले गेली? त्याचं दहावीचं वर्ष आहे, माहीत नाई तुले?" हे सगळं मी इतकी वर्षं जपून ठेवलंय, बाबा, एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिलेला नाही. तुम्ही समोर असता तर मी तुमच्या तोंडावर तसंच्या तसं म्हणून दाखवलं असतं.

पुढच्या रविवारी तुम्ही मला अकोटला मावशीकडे नेऊन टाकलं. दादाची दहावी होईपर्यंत. कोणी काही विचारलं नाही, शुक्रवारी आई रडत रडत माझे कपडे पत्र्याच्या पेटीत भरताना दिसली, तेव्हा मला कळलं. एसटी स्टँडवर तुम्ही मला संत्र्याच्या गोळ्यांची पुडी घेऊन दिलीत आणि म्हणालात, जास्त खाऊ नको, दात दुखेल. अर्धा दात उरला होता, बाबा. मावशी वाईट नव्हती, पण तिची स्वतःची चार होती आणि मी पाचवी. घर जिनिंगच्या मागे, हंगामात ताटातसुद्धा कापसाचे तंतू यायचे. मी खूप दिवस जेवलेच नाही. मावशीच्या घरात एक जिना होता, त्याच्याखाली जाऊन बसायची. मावशी म्हणायची, "पोट्टी घुमी आहे." आपल्या घरी मी घुमी होते का हो? तुम्हाला तरी आठवतं का?

दिवाळीला तुम्ही आलात. मी धावत अंगणात गेले, मला वाटलं न्यायला आलात. तुम्ही चिवड्याचा डबा मावशीच्या हातात दिला, बाजेवर बसलात, पाणी प्यायलात आणि मावशीला म्हणालात, "घरात आता कशी शांतता आहे." माझ्यादेखत म्हणालात. मला अजून दुकानात कोणी 'शांतता' म्हटलं की अंगाची लाही होते. आणि ते खोटं होतं. आई गेल्यावर मावशीनं मला सांगितलं, मी अकोटला गेल्यानंतर त्याच हिवाळ्यात दादानं आईवर स्टीलचं ताट भिरकावलं होतं आणि तिच्या मनगटाला टाके पडले होते. मारणारा दुसरा शोधतो, हे तुम्हीच तर मला सांगितलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं असं असतं तर मी कधीच सोडून दिलं असतं. माहीत नसलेल्या माणसावर किती वर्षं रागवायचं? पण तुम्हाला सगळं माहीत होतं. माशाला न्याय दिलात तुम्ही, घरच्या पोरीला नाही.

तुमच्या शेवटच्या दिवसांत मी दवाखान्यात आठ रात्री बसले. दर वेळी ठरवायची, आज विचारते. तुम्ही पाणी मागायचात, मी चमच्यानं पाजायची, आणि तुमचे गाल इतके आत गेले होते की मी तो प्रश्न उद्यावर ढकलायची. मग तुम्ही गेलात. लोक मला म्हणत होते, रड, मोकळी हो. मला रडायला येत नव्हतं, मला राग आला होता. उत्तर न देता निसटलात तुम्ही. दुकान टाकलं तेव्हापासून जो कोणी येतो आणि म्हणतो की मासे भांडून राहिले, त्याला मी आधी एकच विचारते, कोणाला काढलं? दहातले नऊ जण मार खाणाऱ्यालाच काढतात. मी त्यांना तुमच्या वाट्याच्या शिव्या देते. आमचे हे रोज तिवस्याला नोकरीसाठी जाऊन-येऊन करतात, संध्याकाळी दुकानात येऊन बसतात. ते म्हणतात, "अवं, गिऱ्हाईक आहे ते, तुझा बाप नोहे."

दोन दिवसांनी मी दादाला फोन केलाच नाही. सकाळची एसटी पकडून सरळ अकोल्याला गेले. आता त्याचा फ्लॅट आहे, दुसऱ्या मजल्यावर. डोक्यावरचे केस गेले, साखर वाढली, गोळ्या खातो, आवाज खाली आलाय. हॉलमध्ये गुलाबी बॅग भरून ठेवलेली. लहानी बॅगेशेजारी उभी, डाव्या भुवईवर टेंगूळ, त्याच्या कडेला निळं. मी विचारलं, हे काय? वहिनी म्हणाली, "बाटली लागली जराशी. मोठीचं टेन्शन समजून घ्या न ताई. पोरगी झोपत नाई, खात नाई." मोठीच्या खोलीचं दार बंद होतं. मी चप्पलसुद्धा नीट काढली नाही. म्हटलं, "दादा, ही बॅग कोणाची?"

"लहानीची. काहून?"

"रिकामी कर. मोठीची भर. मी मोठीले नेऊन राहिली."

तो हसला, त्याला वाटलं मी गंमत करते. मग म्हणाला, "तिचं नीट आहे वं! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं, "नीट आहे म्हणूनच. राजापेठेत गल्लोगल्ली क्लास आहेत, माझ्या दुकानाच्या वरच एक आहे. घरात मी आणि हे, दोघंच. तुले शांतता पाहिजे न? घे न मंग शांतता." मी तेवढ्यावर थांबले नाही, थांबणारच नव्हते. समोरच्या दाताची टोपी बोटानं दाखवली. "हा कोणामुळं तुटला होता? आन् घरातून कोण गेलं होतं? सांग तुझ्या पोरींसमोर." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभी. दादा खुर्चीत बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. म्हणाला, "मले तं बाबांनी सांगतलं होतं का तुलेच जायचं होतं. मावशीकडं. तूच हट्ट धरला म्हणे."

बाबा! तिथेच माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे दादा इतकी वर्षं आरामात झोपला तो तुमच्या या वाक्याच्या उशीवर. मी हट्ट धरला! मी! आणि नेमकं त्याच वेळी वहिनी बोलली, "ताई, खरंच सांगते, लहानीलेच यायचं आहे तुमच्याकडे." मी तिच्या अंगावर ओरडले. "हेच! हेच सांगते प्रत्येक जण! तिलेच जायचं आहे म्हणे! लाज वाटू द्या थोडी!" मी दादाला बजावलं की लहानीला पाठवलंस तर मी दारातून परत पाठवीन. आणि मोठी बाहेर असेल तेवढ्यात दोघींची खोली पार बदलून टाक. खिडकीजवळची जागा लहानीला दे, टेबल हलव, कपाट हलव. मोठी परत येईल तेव्हा त्या खोलीत तिला स्वतःचं म्हणून काही सापडायला नको. दादा नुसता हो हो करत होता. माझ्यापुढे, बाबा, तुमचा दादा. मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू.

मोठी तासभर रडली, "मी नाही जाणार," म्हणून आईच्या गळ्यात पडली आणि शेवटी पुस्तकांचं खोकं घेऊन माझ्याबरोबर निघाली. आज तिला माझ्याकडे तीन आठवडे झाले. पहिले आठ दिवस ती जेवली नाही. कोणी बोललं की दचकायची. भिंतीला पाठ लावून पलंगाच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायची, नखं खाऊन खाऊन बोटं लाल झालेली. असा मासा गिऱ्हाइकानं आणला तर मी लगेच ओळखते, हा घाबरलेला आहे, दिवा बंद ठेवा, चार दिवस कोणी काचेला हात लावू नका. मोठीला पाहून मला बरं वाटलं. कळू दे तिलाही, म्हटलं. परवा ती दुपारी वरच्या क्लासमधून खाली दुकानात आली, टाक्यांपुढे उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "आत्या, मला मारायचं नसतं. हात आपोआप उठतो. नंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडते." मी माशांना खायला टाकत राहिले. ती वर निघून गेली. मी तिच्या जागी दादाला पाहत होते आणि मला तिला माफ करायचं नव्हतं, हे खरं ते सांगते.

आणि काल लहानीचा फोन आला. मी आनंदानं विचारलं, कसं आहे आता घरी, खिडकीजवळची जागा मिळाली का? "हो, मिळाली," ती म्हणाली. मग गप्प. एवढी बडबडी पोरगी गप्प. मी विचारलं, कोणी मारलं का वं? "नाही. आत्या, मले यायचं होतं. मी कवापासून मम्मीच्या मागं लागली होती. पप्पा नाईच म्हणत होते आधी, मंग दीदीनं बाटली फेकली तेव्हा हो म्हणाले. ती बॅग मीच भरली होती. दीदी तं परीक्षा झाली का तशीही जून महिन्यात हॉस्टेलला जाणार होती." मी म्हटलं, "मंग तेव्हा बोलली काहून नाई?" ती म्हणाली, "तुमी मले विचारलंच नाई. तुमी पप्पांवर ओरडून राहिल्या होत्या." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला मासे पाहायचे होते, माझ्याजवळ राहायचं होतं, तिच्या शाळेत तिनं मैत्रिणींना सांगूनसुद्धा टाकलं होतं. मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, आणि फोन ठेवला. दुकानात कोणीही नव्हतं.

तुम्ही याच्यावर खूष होऊ नका. तुमच्यावरचा माझा राग यानं तीळभरही कमी झालेला नाही, आणि होऊ देणारही नाही. ती काच, ती दिवाळी, ते दादाला सांगितलेलं खोटं, एक एक गोष्ट तुमच्याच अंगावर राहील. पण हा कागद कुठे पाठवायचा नाही, औषधांच्या खोक्यात तळाशी ठेवून द्यायचाय, म्हणून एवढं लिहिते. त्या दिवशी अकोल्याहून निघताना मी इतकी खूष होते की लहानीला येते म्हणायचंही राहून गेलं. ती गॅलरीत उभी राहून आमची रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती, हे मला मोठीनं बसमध्ये सांगितलं. मी एकदाही वर पाहिलं नव्हतं.